थंडीत उभं राहायचं असेल तर बॅग कशी भरायची

आजचा एपिसोड पुण्याच्या खोलीतून नाही, घरून रेकॉर्ड करतोय. घर म्हणजे बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. मागे जो खसखस आवाज येतोय तो माइकचा दोष नाही, आई अंगणात तूर पाखडतेय. तिला म्हटलं, अर्धा तास थांब. ती म्हणाली, तूच थांब.

तर विषय. मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: हिवाळ्यात स्पितीला फोटो काढायला जायचंय, बॅगेत काय काय घेऊ? कोणी कॅमेरावाले, कोणी फक्त फोनवाले. मी दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा फेब्रुवारीत. पहिल्यांदा बॅग एकोणीस किलोची होती, दुसऱ्यांदा अकराची. पहिल्या वेळेस थंडीनं माझं बोट जवळजवळ घेतलंच होतं. दुसऱ्या वेळेस कुडकुडलो, पण काम झालं. मधल्या काळात काय बदललं ते आज सांगतो. बदल कुठल्या व्ह्लॉगमुळे झाला नाही हे आधीच सांगून ठेवतो. चार वर्षं मी ते व्ह्लॉग बघत होतो.

आधी पहिली ट्रिप. जालन्याहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून बसनं शिमला, मग रेकाँग पिओ, मग काझा. हिवाळ्यात मनालीकडून जाता येत नाही, कुंझूम खिंड बर्फानं बंद असते. किन्नौरकडचाच रस्ता धरायचा. आणि ते बरंच आहे, कारण हळूहळू उंची वाढत जाते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. उंचीवर काही जण गोळ्या घेतात, त्याबद्दल डॉक्टरला विचारा, मला विचारू नका. मी बीटेक आहे.

बॅगेत काय होतं? दोन जीन्स. तीन हूडी, सगळ्या सुती. साडेसहा हजारांचं जॅकेट, ऑनलाइन सेलमधलं. पाच बॅटऱ्या, एका छान डबीत ओळीनं लावलेल्या, डबी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. ट्रायपॉड अॅल्युमिनियमचा. हातमोजे जाडजूड, बाइकवाले. आणि ड्रोनसाठी जागा ठेवली होती, जरी माझ्याकडे ड्रोन नव्हता. (हशा) खरंच. मित्र देणार होता, त्यानं दिला नाही, पण जागा तशीच राहिली, मग तिथं बिस्किटं भरली.

तिसऱ्या दिवशी पहाटे की मठाच्या समोरच्या उतारावर जाऊन थांबलो. तुम्ही फोटो पाहिला असेल, टेकडीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चढत गेलेला मठ, खाली स्पिती नदीचं पात्र. सूर्य डोंगराआडून यायला अजून चाळीस मिनिटं होती. गाडी रस्त्याला लावून वर चालत गेलो होतो, त्यामुळे अंगात घाम. थांबलो आणि दहा मिनिटांत तो घाम गार पडला. आतली सुती हूडी ओल्या फडक्यासारखी पाठीला चिकटली. वरचं साडेसहा हजारांचं जॅकेट काय करणार? ते आतली ओल सांभाळून बसलं होतं.

सूर्य आला. कॅमेरा चालू केला, बॅटरी लाल. बदलली, ती पण लाल. पाचही बॅटऱ्या रात्री पूर्ण चार्ज केलेल्या. आता यात जादू काही नाही. लिथियम-आयन बॅटरीत थंडीनं आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, आणि कॅमेऱ्यानं करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. कॅमेऱ्याला वाटतं, संपली. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर लाइट आहे, पण व्होल्टेज नाही, त्यामुळे मोटार पाणी उचलत नाही. चार्ज आतच असतो. तीच बॅटरी काखेत धरून गरम केली की पुन्हा निम्म्यावर दाखवते. हे मला माहीत होतं. म्हणजे वाचलेलं होतं. डबी मात्र बाहेरच्या कप्प्यातच होती.

बॅटऱ्या बदलायला मोजे काढले, कारण बाइकच्या मोज्यांत बॅटरीचं झाकण उघडत नाही. उघड्या हातानं ट्रायपॉडचा पाय धरला, नॉब फिरवला. आधी बोटं ठणकली. मग ठणकायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. हीच सगळ्यात वाईट खूण असते, बरं का. उजव्या हाताचं मधलं बोट, वरचं पेर, मेणासारखं पांढरं झालेलं. शटर दाबलं जातंय की नाही हेच कळेना. बोट बटणावर आहे, डोळ्यांना दिसतंय, बोटाला पत्ता नाही.

खाली आलो आणि बोट जोरजोरात चोळायला लागलो. होमस्टेच्या ताईंनी हात धरून थांबवला. मी बुखारीकडे चाललो होतो, म्हणजे ती खोलीच्या मधोमध असलेली लोखंडी शेगडी, तर त्यांनी तिथूनही मागे ओढलं. कारण साधं आहे. बधिर बोटाला भाजल्याचंही कळत नाही. चोळलं तर आतली कातडी दुखावते. त्यांनी कोमट पाण्यात हात धरून ठेवायला लावला, स्वतःच्या कोपरानं पाणी तपासून, बाळाच्या अंघोळीचं तपासतात तसं. अर्ध्या तासानं बोट परत आलं आणि जे काही दुखलं, त्याबद्दल मी इथे बोलणार नाही, आई ऐकतेय. वेळीच थांबलं म्हणून पेर राहिलं. त्याच्यापुढे गेलं असतं तर हॉस्पिटल, आणि फेब्रुवारीत तिथून मोठं हॉस्पिटल म्हणजे लांबचा घाटरस्ता. आजही गार हवेत ते एक बोट बाकीच्यांच्या आधी गारठतं.

आणि तेवढ्यावर संपलं नाही. कॅमेरा तसाच उघडा त्या गरम खोलीत आणला होता. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की जशी ओली होते, तसा कॅमेरा आतूनबाहेरून दवला. मी पुसला. आतलं कसं पुसणार? दुसऱ्या दिवशी बाहेर नेला तर लेन्सच्या काचेमागे धुकं, आणि झूमची रिंग फिरेना. सात दिवसांच्या ट्रिपमध्ये नीट फोटो अकरा. त्यातले चार जेवणाचे.

पुढच्या डिसेंबरात घरी आलो होतो, पुन्हा जायचं ठरवून. ओसरीवर सगळं सामान मांडलं होतं. नवी खरेदी पण होती: आणखी जाड जॅकेट, आणखी मोठी पॉवर बँक. बाबा शेतात जायच्या तयारीत होते. त्या आठवड्यात आमच्याकडे लाइट रात्रीची होती, साडेअकराला यायची. गव्हाला पाणी द्यायचं होतं. बाबा थांबले, सामानावर नजर टाकली आणि म्हणाले, "अन् तिथं जाऊन चालाचं हाय का उभं राहाचं हाय?"

मी म्हटलं, उभं. तास, दोन तास एका जागी. उजेड यायची वाट बघत.

"मंग हे सारं चालनाऱ्याचं हाय. उभं राहनाऱ्याचं यात काईच नाई."

दोस्तांनो, मी चार वर्षं बघितलेले व्ह्लॉग सगळे ट्रेकरचे होते. ट्रेकर चालतो, त्याचं अंग स्वतःच गरम राहतं. त्याची अडचण घाम. लँडस्केपवाला आधी चालतो, घामेजतो, आणि मग खांबासारखा उभा राहतो. त्याला दोन्ही अडचणी. आणि थंडीत रात्रभर एका जागी उभं राहायचं काम करणारा माणूस माझ्याच घरात होता. पाणी द्यायला नाहीतर जागलीला. ज्यांना जागल माहीत नाही त्यांच्यासाठी: रानडुक्कर आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर शेतात राखण. हे बाबांचं तिसावं वर्ष असेल. ते काय घालून जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री त्यांच्यासोबत गेलो. मुद्दाम, सगळे नवे कपडे घालून. बाबांच्या अंगात सगळ्यात आत बंडी, त्यावर जुना लोकरी स्वेटर, त्यावर सैल सदरा, डोक्याकानाला मफलर, आणि खांद्यावर घोंगडी. घोंगडी चालताना घडी घालून खांद्यावर, थांबले की अंगावर. हेच ते लेअरिंग, ज्याच्यावर मी वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ बघितले होते! आणि त्यातली युक्ती कपड्यात नाही, वेळेत आहे. थंडी वाजायच्या आधी पांघरायचं. एकदा कुडकुडायला लागलो की मग अंग परत गरम व्हायला फार वेळ लागतो. आणि चालताना काढून ठेवायचं, जरा गार वाटलं तरी.

दुसरं म्हणजे पाय. बाबा बांधावर बसताना किंवा उभं राहताना खाली पोतं टाकतात, दुमडून. मी माझे महागडे बूट घालून ओल्या मातीवर उभा, तासाभरात तळवे बर्फ. जमीन खालून उष्णता ओढून घेते, हे शाळेच्या विज्ञानात आहे. मी मोज्यांचे दोन जोड घातले होते, बूट गच्च झाले होते, रक्तच नीट फिरत नव्हतं. एक जोड काढला आणि पोत्यावर उभा राहिलो, फरक पाच मिनिटांत. आता मी बॅगेत योगा मॅटचा कापलेला तुकडा नेतो, दोन पावलांपुरता. वजन काहीच नाही. कुठल्याही लिस्टमध्ये मी तो पाहिलेला नाही.

आणि तिसरं, बंडीचा आतला खिसा. बाबांची तंबाखू, काडेपेटी आणि फोन, तिन्ही छातीशी. "गार वस्तूले अंगाशी ठेवाव," एवढंच म्हणाले. काडेपेटीला ओल लागू नये म्हणून. मी माझ्या बॅटऱ्यांच्या डबीचा विचार केला आणि गप्प बसलो.

पहाटे तीनच्या सुमारास लाइट गेली, पुन्हा आली, मोटार चालू करायला बाबा उठले. स्टार्टरपाशी उभे होते, टॉर्च काखेत धरून. म्हणाले, एका साली हात असे गारठले होते की बटण दाबलं का नाई तेच समजे ना. पाणी आलं तेव्हा समजलं.

मी माझ्या बोटाचं त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं.

बरं. आता कामाचं बोलू. त्यानंतर आठवडाभर मी रोज पहाटे लोणारच्या काठावर जाऊन रिहर्सल केली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: उल्का पडून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळाशी खारं, क्षारयुक्त पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्याच वर्षी रामसर यादीतही गेलं. अभयारण्य आहे, त्यामुळे अंधारात खाली उतरायचं नाही. काठावरूनच काम. डिसेंबरात पहाटे आमच्याकडे पारा दहाच्या आसपास. हिशोब सोपा आहे. उंची एक किलोमीटर वाढली की साधारण साडेसहा अंश कमी. काझा आमच्यापेक्षा तीन किलोमीटर वर, म्हणजे नुसत्या उंचीचेच वीस अंश गेले. उत्तरेकडचा हिवाळा वेगळा. म्हणजे जे काम मला दहा अंशात मोजे घालून जमत नाही, ते उणे पंधरात जमणारच नाही. बॅटरी बदलणं, कार्ड बदलणं, ट्रायपॉड उघडणं, सगळं अंधारात, मोजे घालून. पहिल्या दिवशी कार्ड गवतात पडलं. शोधायला वीस मिनिटं गेली. तिथं बर्फात पडलं असतं तर संपलं होतं.

तुम्हीपण हेच करा. महाबळेश्वर असो, चिखलदरा असो, नाहीतर घराची गच्ची. जी गोष्ट घरी मोज्यांत वापरून बघितली नाही, ती बॅगेत नको. या एका नियमानं माझे पाच किलो कमी झाले.

दुसऱ्या ट्रिपच्या बॅगेत जीन्स नव्हती. सुती काहीच नव्हतं, अंतर्वस्त्रंसुद्धा. अंगाला लागून लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, कारण ते ओलं झालं तरी ऊब धरतं, सूत धरत नाही. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले. अख्खी जिंदगी कापूस पिकवणाऱ्याच्या पोरानं म्हणायचं की कापूस अंगाला नको! बाबांची बंडीही सुतीच आहे, पण ते घाम यायच्या आत कपडा उतरवतात. आणि कोरड्या कापसाशी माझं भांडण नाही, आमची गादी-रजई त्याचीच आहे. घाम आणि कापूस एकत्र नको, इतकंच.

हातासाठी बारीक मोजे, बोटं हलतील असे, आणि त्यावर पंजाचे सैल मोजे, दोरीनं मनगटाला अडकवलेले. लहान मुलांचे असतात तसे, लाज वाटून घेऊ नका. पंजाचा मोजा काढला तरी उघडी कातडी धातूला लागत नाही. ट्रायपॉडच्या पायांना आईनं जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून शिवून दिल्या. बाजारात फोमच्या मिळतात, पण याच जास्त बऱ्या आहेत. मेहकरच्या टेलरकडून थर्मलला आतून खिसा शिवून घेतला, दोन कप्प्यांचा, ऐंशी रुपये. उजवीकडे भरलेल्या बॅटऱ्या, डावीकडे वापरलेल्या. डावीकडची गरम झाली की पुन्हा थोडं काम देते. शून्याखालच्या बॅटरीला लगेच चार्जिंगला लावू नका, कायमची खराब होते. आधी खोलीत कोमट होऊ द्या.

मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, झिपवाल्या, चार. खोलीत शिरायच्या आधी बाहेरच कॅमेरा पिशवीत घालून हवाबंद करायचा. दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. दोन तास उघडायचं नाही. म्हणून कार्ड आणि बॅटरी आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडाल. मी उघडली असती.

फक्त फोन असणाऱ्यांनो, तुम्हाला वाटेल आपलं काय. तुमचंच जास्त अवघड आहे. बॅटरी बदलता येत नाही. आयफोनची कंपनी स्वतःच सांगते की शून्य ते पस्तीस अंशांत वापरा. फोन आतल्या खिशात, फोटोपुरता बाहेर. विमान मोड. बऱ्याच फोनला आवाजाच्या बटणानं फोटो निघतो, वायरच्या इअरफोनच्या बटणानंही, म्हणजे मोजे काढायला नकोत. छोटा ट्रायपॉड आणि तो इअरफोन, बास.

बाकी थर्मास, गूळ-शेंगदाणे, व्हॅसलिन, गॉगल. बर्फावरचं ऊन डोळ्यांना चटके देतं, गॉगल फोटोपुरता समजू नका. हेडलॅम्प दोन घेतले होते. दोन का, ते सांगतो.

एक बाबांसाठी होता. टॉर्च काखेत धरून स्टार्टर चालू करतात ते बघवेना. जॅकेट आणलं होतं, ते त्यांनी घडी घालून कपाटात ठेवलं, लग्नाकार्याला म्हणून. मोजेही नको म्हणाले. हेडलॅम्प कपाळाला लावला, बटण दाबलं, अंगणात गोल फिरून बघितलं, आणि काही न बोलता त्या रात्री घेऊन गेले.

दुसऱ्या ट्रिपला ऊन नीट मिळालंच नाही. सात दिवसांतले पाच दिवस ढग. पण तासन् तास उभा राहू शकलो. एका गावाच्या वाटेवर पहाटे एक आजोबा बर्फातून पाण्याचे कॅन घेऊन चढत होते, नळ गोठलेले असतात तिकडे. विचारून फोटो काढला. बोटाला शटर कळलं. माझा आजवरचा सगळ्यात बरा फोटो तोच आहे.

घरी आल्यावर बाबांना फोनवर दाखवला. डोंगराकडे त्यांनी बघितलंही नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला आणि म्हणाले, "याच्या पायात काय हाय?"

मी कधी बघितलंच नव्हतं. झूम केलं. रबराचे गमबूट, आणि वरच्या कडेतून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या. आत गवत कोंबलेलं.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "असं हाय का," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो तेव्हा त्यांचे गमबूट ओसरीवर उन्हात वाळत होते, शेजारी गव्हाच्या काडाची एक पेंढी.

हेडलॅम्प मात्र आता दोन्ही त्यांच्याकडेच आहेत. एक चार्जिंगला असतो.